पत्रात होकार आहे, पैशाचं काय?

अमेरिकेतल्या पीएचडीचं पहिलं पत्र येतं ते अभिनंदनाचं. त्यावर विद्यापीठाचं बोधचिन्ह असतं, ग्रॅज्युएट स्कूलच्या डीनची सही असते आणि पैशाबद्दल बहुधा अवाक्षर नसतं. पैशाचं पत्र वेगळं. ते विभागाकडून येतं, कधी त्याच दिवशी, कधी तीन आठवड्यांनी, तर कधी एखाद्या लांबलचक ईमेलच्या तिसऱ्या परिच्छेदात दडून. पेढे वाटायचे ते या दुसऱ्या पत्रानंतर.

हे दुसरं पत्र हातात पेन्सिल घेऊन वाचायचं. किती वर्षं, वर्षातले किती महिने, किती डॉलर आणि कशाच्या अटीवर, या चार जागी रेघ मारायची. ‘समाधानकारक प्रगती असल्यास’ ही अट सगळ्याच पत्रांत असते. परीक्षा नीट दिल्या आणि काम केलं तर तिचा त्रास होत नाही. ‘निधी उपलब्ध असल्यास’ ही अटही खूप पत्रांत असते, सरकारी विद्यापीठांत तर जवळजवळ ठरलेलीच. ती दिसली म्हणून लगेच हबकायचं नाही, तिच्या शेजारी काय लिहिलंय ते बघायचं. ‘पाच वर्षांचं अर्थसाहाय्य, प्रगती आणि निधीच्या उपलब्धतेवर अवलंबून’ असं असेल तर विभागाने निदान पाच हा आकडा लिहून दिला आहे. ‘पहिल्या वर्षासाठी असिस्टंटशिप, पुढच्या वर्षांसाठी विद्यार्थी अर्ज करू शकतो’ असं असेल तर ती एका वर्षाची ऑफर आहे, मग विभागप्रमुख व्हिडिओ कॉलवर काहीही म्हणोत. आणि ‘अर्थसाहाय्य देता येईल अशी आम्हाला अपेक्षा आहे’ हे वाक्य ऑफरच नव्हे.

आता खरा प्रश्न: हे पैसे येतात कुठल्या खिशातून? पूर्वी हा प्रश्न दोन-चार चौकस विद्यार्थीच विचारायचे. २०२५ च्या वसंतापासून तो प्रत्येकाने विचारायला हवा अशी वेळ आली आहे.

साधारण तीन खिसे असतात. टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे टीए, हा विभागाचा खिसा. पदवीच्या वर्गांना शिकवायला, पेपर तपासायला माणसं लागतात, त्यासाठी विभागाच्या अंदाजपत्रकात तरतूद असते, आणि ती भरते पदवीच्या विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि राज्य सरकारच्या अनुदानातून. पहिल्या वर्षाचं गणित किंवा रसायनशास्त्र शिकवावंच लागतं, त्यामुळे हा खिसा एकदम रिकामा होत नाही. बदल्यात आठवड्याला २० तासांपर्यंत काम. रिसर्च असिस्टंटशिप, म्हणजे आरए, हा प्राध्यापकाचा खिसा. तो ग्रँटवर, म्हणजे संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानावर चालतो, आणि ग्रँटला शेवटची तारीख असते. तिसरा खिसा फेलोशिपचा. ती विद्यापीठाच्या स्वतःच्या ठेवीतून आली असेल तर उत्तम, पण बहुतेक ठिकाणी ती एक-दोन वर्षांचीच असते. नंतर तुम्ही पहिल्या दोन खिशांपैकी एकात जाता. कुठल्या, ते आत्ताच विचारून ठेवायचं.

जीवशास्त्राच्या मुलामुलींसाठी इथे एक खाच आहे, आणि वेबसाइट वाचून ती लक्षात येत नाही. ‘आमच्या सर्व विद्यार्थ्यांना पहिली दोन वर्षं ट्रेनिंग ग्रँटवर घेतलं जातं’ असं लिहिलेलं असतं. एनआयएच म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी अमेरिकेची सरकारी संस्था; तिची टी-३२ ही ट्रेनिंग ग्रँट फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना मिळते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला त्यातला एक डॉलरही देता येत नाही. म्हणजे परदेशी विद्यार्थ्यासाठी कार्यक्रमाला दुसरीकडून पैसे उभे करावे लागतात, आणि ओढाताण झाली की परदेशी जागाच आधी कमी होतात. तुमच्या वाट्याला कुठले पैसे येणार, हे नाव घेऊन विचारावं लागतं.

आरएची ऑफर असेल तर प्राध्यापकाची ग्रँट स्वतः तपासता येते. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि पैसे लागत नाहीत. एनआयएचचं ‘रिपोर्टर’ आणि एनएसएफचं, म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसे देणाऱ्या दुसऱ्या सरकारी संस्थेचं, ‘अवॉर्ड सर्च’ ही दोन्ही संकेतस्थळं सगळ्यांना खुली आहेत. प्राध्यापकाचं नाव टाकलं की चालू ग्रँट्स दिसतात. रिपोर्टरवर दोन तारखा सापडतील: बजेट संपण्याची आणि प्रोजेक्ट संपण्याची. बजेटची तारीख दरवर्षी पुढे सरकते, ती जवळ आलेली बघून घाबरायचं नाही. बघायची ती प्रोजेक्टची. एनएसएफच्या पानावर ग्रँटचा प्रकार दिलेला असतो. ‘स्टँडर्ड’ असेल तर सगळी रक्कम सुरुवातीलाच मंजूर झालेली असते. ‘कंटिन्युइंग’ असेल तर ती हप्त्याहप्त्याने येते, आणि पुढचा हप्ता त्या वर्षीच्या सरकारी तिजोरीवर अवलंबून असतो. एनएसएफची ग्रँट बहुधा तीन वर्षांची असते, एनआयएचची आर-०१ ही नेहमीची संशोधन ग्रँट चार-पाच वर्षांची. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात. म्हणजे ऐन भरातल्या प्रयोगशाळेतही तुमच्या पीएचडीच्या मधोमध एक ग्रँट संपून दुसरी यावीच लागते. ग्रँट संपणार आहे हा काही दोष नाही. संपल्यावर कोण सांभाळणार, याचं उत्तर विभागाकडे नसणं हा दोष. शेवटी प्रयोगशाळेतली डोकी मोजायची. एकच चालू ग्रँट, सहा विद्यार्थी आणि दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) असं चित्र असेल तर नववं डोकं कुठल्या पैशात बसणार, हे विचारायला लाजू नये.

२०२५ मध्ये नेमकं काय बिघडलं हे थोडक्यात समजून घेतलेलं बरं, कारण पत्रांची भाषा तेव्हापासून बदलली. ७ फेब्रुवारी २०२५ ला एनआयएचने जाहीर केलं की ग्रँटवर विद्यापीठाला मिळणारा ‘अप्रत्यक्ष खर्च’ सरसकट १५ टक्के राहील. अप्रत्यक्ष खर्च म्हणजे इमारत, वीज, प्राण्यांच्या खोल्यांची देखभाल, हिशेबनीस, सुरक्षा. मोठ्या संशोधन विद्यापीठांत हा दर ५० टक्क्यांच्या पुढे असतो. ढोबळ हिशेब असा: प्राध्यापकाला संशोधनासाठी १०० डॉलर मिळाले आणि दर ५५ टक्के असेल तर विद्यापीठाला वर ५५ मिळतात. ते १५ झाले तर १५५ मधले ४० गेले. न्यायालयाने हा निर्णय अडवला, पण तारीख बघा. फेब्रुवारी म्हणजे ऐन प्रवेशाचा हंगाम. कोर्टात काय होईल याची वाट न बघता अनेक विभागांनी जागा कमी केल्या. मार्च २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या यूमास चॅन मेडिकल स्कूलने जीववैद्यक पीएचडीच्या आधी दिलेल्या ऑफर्स मागे घेतल्या. एप्रिलपासून एनएसएफने हजारापेक्षा जास्त ग्रँट्स मुदतीआधी बंद केल्या. जुलैमध्ये झालेल्या कायद्याने सगळ्यात श्रीमंत खाजगी विद्यापीठांच्या ठेवींच्या उत्पन्नावरचा कर १.४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांपर्यंत चढवला. त्यामुळे ‘मोठं नाव म्हणजे पैसा पक्का’ हा आपल्याकडचा जुना समजही आता तपासूनच घ्यावा लागतो. एखाद्या मध्यम नावाच्या राज्य विद्यापीठातली लेखी पाच वर्षांची टीएशिप ही नामांकित विद्यापीठातल्या एका वर्षाच्या आरएशिपपेक्षा भक्कम असू शकते. नातेवाइकांना सांगायला ती कमी शोभते, एवढंच.

प्रश्न विचारायचे कुणाला? पहिला ईमेल ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला. हे बहुतेक वेळा प्रशासनातले असतात, वर्षानुवर्षं तिथेच असतात, आणि पगार कधी जमा होतो, विमा कोण भरतं, फी किती कापली जाते हे त्यांना तोंडपाठ असतं. धोरणाचा प्रश्न असेल तर ग्रॅज्युएट डायरेक्टर, म्हणजे त्या कामाची जबाबदारी असलेले प्राध्यापक. भावी गाइडला विचारायचं ते फक्त त्यांच्या ग्रँटबद्दल. गाइड मनापासून म्हणतात, ‘काळजी करू नकोस, आपण काहीतरी करू,’ आणि त्यांच्या मनात तसंच असतं. पण विभागाच्या पैशावर सही करायचा अधिकार त्यांना नसतो.

विचारायचं ते हे: स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा? उन्हाळ्याचे पैसे हमखास असतात की दरवर्षी शोधावे लागतात? गाइडची ग्रँट थांबली तर विभाग टीए देतो का, आणि ते कुठे लिहिलेलं आहे? ट्यूशन पूर्ण माफ आहे, पण त्याखेरीजची सक्तीची फी किती? आरोग्य विम्याचा हप्ता कोण भरतं? पहिला पगार कोणत्या तारखेला? आणि गेल्या दोन वर्षांत कुणा चालू विद्यार्थ्याचं अर्थसाहाय्य थांबलं का? शेवटचा प्रश्न उद्धट वाटतो. तो नम्रपणे विचारला तर उत्तर मिळतं, आणि उत्तर टाळलं गेलं तर तेही उत्तरच. एक प्रश्न खास आपल्यासाठी: टीए होण्यासाठी बोलीभाषेची वेगळी चाचणी आहे का? बऱ्याच राज्य विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याला वर्गात उभं राहण्याआधी इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यावी लागते किंवा टोफेलच्या स्पीकिंगमध्ये ठरावीक गुण लागतात. एकूण गुण भरपूर आले आणि स्पीकिंगमध्ये कमी पडले, असं असेल तर टीएचं काम पहिल्या सेमिस्टरला अडकू शकतं. ते अडकलं तर पगाराचं काय, हे आधी विचारायचं.

फोनवर किंवा झूमवर बोलणं झालं तर त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल टाकायचा: आज आपण बोललो त्यातून मला असं समजलं, चुकत असेल तर सांगा. समोरून ‘बरोबर’ एवढं आलं तरी ते लेखी झालं. सध्याच्या विद्यार्थ्यांशीही बोलायचं, पण पहिल्या वर्षाच्या नव्हे. विभाग स्वतःहून बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या उत्साही मुलांशी गाठ घालून देतो. तुम्ही तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा माणूस शोधा, ज्याची फेलोशिप संपली आहे आणि जो आता कुणाच्या तरी ग्रँटवर आहे. मराठी मंडळाच्या किंवा इंडियन स्टुडंट असोसिएशनच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात असा एक तरी सापडतो. त्याला ‘फंडिंग कसं आहे’ विचारू नका, ‘गेल्या उन्हाळ्यात पैसे कुठून आले’ विचारा.

आता १५ एप्रिल. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे आणि त्यावर बहुतेक नावाजलेल्या विद्यापीठांनी सही केली आहे. अर्थसाहाय्याच्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायचं बंधन विद्यार्थ्यावर नाही, असं तो म्हणतो. सही केलेल्यांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते, ती बघून घ्यावी. कुणी १५ मार्चची मुदत घातली तर कोऑर्डिनेटरला एवढंच लिहायचं की मी अजून दोन ऑफर्सचा विचार करतो आहे, ठरावाप्रमाणे १५ एप्रिलपर्यंत वेळ मिळेल का. बहुतेक वेळा मिळतो. पण हा ठराव अर्थसाहाय्याच्या ऑफरपुरताच आहे. पैशाशिवायच्या प्रवेशाला, म्हणजे आपल्याकडून जाणाऱ्या बहुसंख्य एमएसवाल्यांना, त्याचा आधार नाही. तिथे विद्यापीठ सांगेल ती तारीख आणि सांगेल ती अनामत, जी सहसा परत मिळत नाही.

घड्याळाचंही बघायचं. न्यूयॉर्कमधलं १५ एप्रिलचं संध्याकाळचं पाच म्हणजे आपल्याकडे १६ तारखेची पहाटेची अडीच. कॅलिफोर्नियातलं पाच म्हणजे पहाटेचं साडेपाच. पोर्टल मध्यरात्रीपर्यंत उघडं असलं तरी माणसं पाचला घरी जातात, आणि शेवटच्या दिवशी पडणारा प्रश्न पोर्टलला विचारता येत नाही. निर्णय १२ तारखेपर्यंत झालेला बरा.

शेवटच्या दहा दिवसांत मात्र खूप हालचाल होते. चार ऑफर्स हातात असलेले दोन सोडतात, त्या जागा प्रतीक्षायादीवरच्यांना जातात. म्हणून जी ऑफर तुम्ही कधीच घेणार नाही ती मार्चमध्येच सोडा. तिच्यावर कुणीतरी नागपूरला किंवा नैरोबीला डोळे लावून बसलेलं असतं. आणि तुम्ही प्रतीक्षायादीवर असाल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकदाच विचारा: जागा निघाली तर ती अर्थसाहाय्यासह असेल का? पैसा आटलेल्या वर्षी काही विभाग जागा देतात, पण रिकाम्या हाताने.

हिशेब करताना आकडा एकटा बघू नका. एक काल्पनिक पण नेहमीसारखी ऑफर घेऊ: नऊ महिन्यांचे ३०,००० डॉलर, ट्यूशन माफ, विमा विभागाचा, सक्तीची फी वर्षाला २,०००. केंद्रीय आयकर काढताना भारतीय विद्यार्थ्याला एक सवलत आहे. भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१ मुळे त्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी करमुक्त रक्कम, घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. २०२५ साठी ते १५,७५० डॉलर होतं. उरलेल्या १४,२५० वर कर साधारण १,४७० डॉलर. राज्याचा कर वेगळा. टेक्ससमध्ये तो नाहीच. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन आणि आरोग्य विम्याची, पगारातली कपात एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं होत नाही. चुकून झाली तर पगार कार्यालयाला सांगून परत घ्यावी. घरभाडं तिघांत मिळून माणशी १,००० धरलं तर वर्षाचे १२,०००, कारण पगार नऊ महिने असला तरी घरमालक बारा महिने असतो. जेवणखाण महिना ४०० म्हणजे ४,८००. एवढं वजा केल्यावर ९,७०० च्या आसपास उरतात. त्यात फोन, बस, कपडे, दोन वर्षांतून एकदा घरी येणं आणि आजारपण. चालतं. पण याच पगारात भाडं १,६०० असलेलं शहर घेतलं तर वर्षाला ७,२०० आणखी गेले आणि हाती २,५०० उरले. म्हणून बॉस्टनचे ४२,००० आणि आयोवाचे ३०,००० यांची तुलना भाडं काढल्याशिवाय होत नाही.

पहिला महिना सगळ्यात अवघड. ऑगस्टच्या मध्यात पोचायचं, काम सुरू ऑगस्टअखेर, आणि पहिला पूर्ण पगार अनेक ठिकाणी सप्टेंबरच्या शेवटी. तोवर घराची अनामत, पहिलं भाडं, गादी, भांडी, फीचा पहिला हप्ता. विमान तिकीट सोडून ३,००० ते ४,००० डॉलर जवळ हवेत. डॉलर ९० रुपये धरला तर हे २.७ ते ३.६ लाख होतात. ‘फुल फंडिंग आहे, पैसे लागणार नाहीत’ असं घरी सांगितलेलं असतं आणि मग जुलैमध्ये धावपळ होते.

ऑफर एका वर्षाचीच असेल, किंवा नऊ महिन्यांची आणि उन्हाळा अधांतरी, तर शैक्षणिक कर्ज छत्रीसारखं वापरता येतं. कर्ज मंजूर करून ठेवायचं आणि उचलायचं नाही. व्याज लागतं ते उचललेल्या रकमेवर. मंजुरीसाठी खर्च येतो प्रक्रिया शुल्काचा, वकिलाच्या शोध अहवालाचा आणि मूल्यांकनाचा. मंजुरीपत्राची मुदत किती आणि ती वाढवून मिळते का, हे शाखेत लेखी घ्या. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण मागतात; निवडक विद्यापीठांसाठी विनातारण मर्यादा बरीच जास्त असते, पण ती यादी बँकेगणिक वेगळी. तारणाबाबत गावाकडच्या घरांत एक गैरसमज हटकून असतो: सात-बारा आहे, चार एकर बागायत आहे, मग काय अडचण? अडचण ही की तारण जप्त करून विकायचा अधिकार बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर वसुली करता येत नाही, म्हणून ती शैक्षणिक कर्जाला सहसा तारण म्हणून चालत नाही. चालतो तो फ्लॅट किंवा बिगरशेती प्लॉट, आणि त्यालाही इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत पत्र, आधीच्या खरेदीखतांची साखळी, पूर्णत्वाचा दाखला लागतो. साखळीतलं एखादं जुनं खत सापडत नाही आणि तिथे तीन आठवडे जातात. गहाण झाल्यावर त्याची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करायची, मुद्रांक शुल्क वेगळं. हे सगळं धरून सहा आठवडे मोजा, म्हणजे १५ एप्रिलचा होकार द्यायचा असेल तर मार्चच्या पहिल्या तारखेलाच शाखेत पाऊल पडलेलं हवं.

एमएसवाल्यांसाठी तर हीच छत्री म्हणजे छप्पर. ‘तिथे गेल्यावर टीए मिळते, अमक्याच्या मुलाला मिळाली’ या वाक्यावर एकही घर गहाण टाकू नये. पीएचडीच्या जागा घटल्या की विभाग टीएचं काम आधी पीएचडीवाल्यांना देतो, उरलं तर एमएसला. ४० लाख १० टक्क्यांनी दहा वर्षांसाठी म्हणजे महिना ५२,९०० रुपयांच्या आसपास हप्ता, आणि हा आकडा अभ्यासक्रमाच्या काळातलं व्याज वेळेवर भरलं असेल तरचा. ते भरायचं म्हणजे सगळी रक्कम उचलल्यावर महिना ३३,००० रुपये आईबाबांच्या पगारातून. हप्ता डॉलरमधल्या नोकरीवर सोपा आणि रुपयातल्या नोकरीवर कठीण असतो. तेव्हा तो रुपयात झेपतो का ते आधी बघायचं, कारण सप्टेंबर २०२५ पासून परदेशातून नव्याने घेतल्या जाणाऱ्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसावरच्या) कामगारासाठी कंपनीवर एक लाख डॉलरचं शुल्क लावल्यामुळे पुढची वाटही पूर्वीसारखी मोकळी राहिलेली नाही.

शिष्यवृत्त्यांचं कॅलेंडर या सगळ्याशी जुळत नाही, हे दुखणं जुनं आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप असो, १५ एप्रिलला हातात काहीच नसतं. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी ४० जणांनाच तात्पुरती पत्रं मिळाली. बाकीच्यांना सांगितलं गेलं, निधी उपलब्ध झाल्यास. वॉशिंग्टन काय आणि दिल्ली काय, वाक्य तेच. अर्ज जरूर करा, पण होकार देताना ही रक्कम शून्य धरा. मिळाली तर कर्ज कमी होईल. विद्यापीठाला आधीच कळवा की निकाल उशिरा येईल, प्रवेश पुढच्या सत्रावर किंवा वर्षावर ढकलता येईल का. ढकलताना मात्र सांभाळा: बहुतेक ठिकाणी प्रवेश ढकलला जातो, अर्थसाहाय्य नाही; त्याचा पुढच्या वर्षी नव्याने विचार होतो. ‘प्रवेश आणि अर्थसाहाय्य दोन्ही’ असे शब्द ईमेलमध्ये असल्याशिवाय ढकलू नये.

देशातला पर्यायही जिवंत ठेवावा. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन फेलोशिप हातात असेल तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं भत्ता. जमा होताना ती महिनोन्महिने रखडते ही तक्रार आपल्या ओळखीची आहेच, पण ती मंजूर झालेली रक्कम आहे. जेआरएफच्या पत्रावर वैधतेची तारीख असते ती बघा. पुण्याची आयसर, बंगळुरूची आयआयएससी यांच्या मुलाखती साधारण मे-जूनमध्ये होतात, म्हणजे अमेरिकेला होकार देऊन झाल्यानंतर. फॉर्म भरलेला असू द्या.

होकार दिल्यावर विद्यापीठ आय-२० हा व्हिसासाठी लागणारा कागद पाठवतं. त्यावर एका बाजूला वर्षाचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला पैसे कुठून येणार ते लिहिलेलं असतं: विद्यापीठाचे, स्वतःचे, इतर. दोन्हींची बेरीज जुळते का आणि विद्यापीठाच्या रकान्यातला आकडा ऑफरच्या पत्राशी जुळतो का, हे आल्याच दिवशी बघा. नऊ महिन्यांच्या स्टायपेंडमध्ये बेरीज थोडी कमी पडते, आणि तेवढ्या फरकाचं बँकेचं पत्र मागतात. फ्लॅटची किंमत सांगणारं सीएचं प्रमाणपत्र इथे चालत नाही; लागतात ते खात्यातले, मुदत ठेवीतले किंवा मंजूर कर्जाचे पैसे. मग सेविसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर, व्हिसा अर्जाचे १८५, आणि मुलाखतीची तारीख. मे २०२५ च्या शेवटी नव्या तारखा देणं तीन आठवडे बंद होतं. ज्यांनी एप्रिलमध्येच आय-२० मिळवून तारीख घेतली होती त्यांचं निभावलं. पैशाचा निर्णय ताणण्याची किंमत अशी दुसऱ्याच खिडकीवर द्यावी लागते.

आणि होकारानंतर ऑफर डळमळली तर? आधी काय मागे घेतलं आहे ते लेखी मागा: प्रवेश, की फक्त पैसे, की फक्त त्या गाइडचे पैसे. तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि घाबरलेल्या ईमेलमध्ये त्या एकच वाटतात. फक्त गाइडचे पैसे गेले असतील तर ग्रॅज्युएट डायरेक्टरला विचारा, पहिलं वर्ष टीएवर काढता येईल का. नव्या विद्यार्थ्यासाठी विभाग बऱ्याचदा ही तडजोड करतो, कारण त्यांनाही सप्टेंबरमध्ये वर्ग सांभाळायला माणूस हवा असतो. पैसेच गेले असतील तर दुसऱ्या दिवशी जुन्या ऑफर्सना लिहा. तुम्ही नकार दिला होता तो ईमेल इथे कामी येतो. ‘आभारी आहे, अर्थसाहाय्याच्या कारणाने दुसरीकडे जातो आहे’ एवढं ज्यांनी नीट लिहिलेलं असतं त्यांना उत्तर येतं. पोर्टलवर नुसतं ‘डिक्लाइन’ दाबलेल्यांना क्वचित. दुसरं विद्यापीठ मिळालं तर नवा आय-२० येतो, सेविसचा नंबर बदलतो, पण ३५० डॉलर पुन्हा भरावे लागत नाहीत. जुन्या नंबरवरून नव्या नंबरवर फी वळवण्याची सोय ती फी भरण्याच्या संकेतस्थळावरच आहे. पावतीची पीडीएफ जपून ठेवलेली असेल तर ते काम सोपं जातं.